हिरव्या पुडीचा पहारा

लू चिनफाच्या गाडीचा एसी बिघडला होता असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण तो बिघडलेला कधी सापडतच नव्हता. चालत्या गाडीत मात्र तो मध्येच दगा द्यायचा. ब्लोअर घोंघावायचा, पण हवा म्हणून येईनाशी व्हायची आणि चार-पाच मिनिटांत गाडीची मोमो उकडायची टोपली व्हायची. चिनफा गाडी कडेला घ्यायचा, इंजिन बंद करायचा, बॉनेट उघडून आत डोकं घालायचा, बाहेर येऊन पुन्हा चावी फिरवायचा, आणि एसी साळसूदपणे गार हवा सोडू लागायचा. मास्तर वर्गात आले की गुंड पोरं पुस्तक उघडून बसतात, त्यातला प्रकार.

बरं, चिनफा म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हता. ताइनानजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या कारखान्यात त्यानं एकतीस वर्षं शीतयंत्रं सांभाळली होती. शेवटची चौदा विभागप्रमुख म्हणून. चार मजल्यांचा अख्खा कारखाना त्यानं बारा महिने तेरा काळ बावीस अंशांवर ठेवला. आणि आता स्वतःच्या गाडीतली पाच माणसांची जागा त्याला गार ठेवता येईना. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी गल्लीतले लोक त्याला 'लू साहेब'च म्हणत. त्यामुळे दुखणं एसीचं असलं तरी नाक चिनफाचं कापलं जात होतं.

त्यातून दिवस थोडे राहिले होते. मुलगी यीचिंग ताइचुंगला बाळंत झाली होती. तिकडच्याच एका बाळंतिणींच्या विश्रामगृहात ती महिना काढत होती. रविवारी महिना भरणार, आणि रीतीप्रमाणे माय-लेक बारा दिवस माहेरी येणार. नात झाल्याचं कळलं त्याच दिवशी चिनफानं फोनवर सांगून टाकलं होतं, "दोदोला मी माझ्या गाडीतून आणणार. दुसऱ्या कुणी मध्ये पडायचं नाही." दोदो हे तिचं लाडाचं नाव. चिनफानं तिला तीनदा पाहिलं होतं, तेही काचेपलीकडून. विश्रामगृहात पाहुण्यांना बाळाजवळ जाऊ देत नसत. तिसऱ्या वेळी तिनं जांभई दिली होती, आणि हा सहा फुटी साहेब काचेला नाक लावून तिथंच रडला होता. बाओचूनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला काही टोमणा मारला नाही.

पण जुलैचा महिना, बाहेर सदतीस अंश, दोन तासांचा रस्ता आणि महिन्याचं बाळ. एसीनं मध्येच मान टाकली तर काय, हा प्रश्न यीचिंगनं एकदा हळूच विचारला होता. तो तिच्या सासऱ्यांच्या कानावर गेला. सासरे श्ये हे दातांचे डॉक्टर, आणि त्यांच्याकडे नवी कोरी विजेवर चालणारी गाडी. त्यांनी लगेच निरोप धाडला: "लू व्याही, तुम्ही कशाला त्रास घेता? मी सोडतो ना दोघींना. माझी गाडी रोज सकाळी स्वतःची तपासणी स्वतःच करते." घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, ते हेच.

"रविवारपर्यंत माझा एसी बर्फ पाडेल, सांग त्यांना," चिनफा मुलीला म्हणाला.

घराच्या तळमजल्यावर गाडी उभी असायची. तिथंच चिनफानं भिंतीवर तपासणीचा तक्ता लावला. कारखान्यातली शिस्त रक्तात भिनलेली. तक्त्याशिवाय त्यानं कधी बल्बही बदलला नव्हता. गॅसचा दाब, फ्यूज, रिले, कॉम्प्रेसरचा पट्टा, पुढचा पंखा, ब्लोअर, फिल्टर अशी एकवीस कलमं. पण या सगळ्यांच्या वर, पहिल्या क्रमांकावर होती पुडी.

पुडी म्हणजे नारळाच्या चवीच्या मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी. तिचं नावच मुळी हट्टी पोराला दटावतात तसं आहे: शहाण्यासारखं वाग. ती यंत्रावर ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. चिनफाच्या कारखान्यात प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर एक पुडी असायची, आणि तिचे नियम चिनफानं स्वतः टाइप करून भिंतीला डकवले होते. पुडी हिरवीच हवी; पिवळी किंवा लाल ठेवली तर यंत्र बिथरतं. फोडलेली नको. मुदत टळलेली नको. नाव दर्शनी बाजूला हवं. आणि कितीही भूक लागली तरी खायची नाही.

बाओचूनं गाडीच्या आरशाला देवळातला लाल ताईत बांधला तेव्हा हाच चिनफा म्हणाला होता, "काय ही अंधश्रद्धा! शिकल्यासवरल्यांच्या घरात!"

"आणि तुझी पुडी?"

"ती कार्यपद्धती आहे."

या कार्यपद्धतीनुसार घरातला फ्रिज, गच्चीवरचा पाण्याचा पंप, धुण्याचं यंत्र आणि इंटरनेटचा डबा अशा सगळ्यांवर पुड्यांचा पहारा होता. एप्रिलमध्ये लेकीला सातवा महिना लागला तशी त्यानं गाडीतही एक ठेवली. डावीउजवीकडे घसरू नये, पायाखाली चिरडू नये, उन्हानं फुगू नये, असा सगळा विचार करून त्यानं जागा निवडली: चालकाच्या शेजारच्या सीटपुढे, कागदपत्रांच्या कप्प्याखाली एक उघडा खण होता, त्यात. मेमध्ये एसीनं पहिला दगा दिला तेव्हा त्यानं बळकटी म्हणून दुसरी पुडी घातली. जूनमध्ये तिसरी. तरी एसीचं वागणं सुधारेना. उलट जास्तच बिघडत चाललं. चिनफाच्या मते याचा अर्थ एवढाच, की दोष फार खोलवरचा आहे आणि पुड्या बिचाऱ्या तो कसाबसा थोपवून धरताहेत.

रोज सकाळी तो तक्त्यापुढे उभा राहायचा. पहिलं कलम: पुडी जागेवर. खूण. मग बाकीची वीस. इंटरनेटवरच्या गाडीवाल्यांच्या कट्ट्यावर त्यानं प्रश्न टाकला, त्याला सत्तावीस उत्तरं आली आणि सत्तावीसही खात्रीलायक होती. एकानं गॅस कमी आहे म्हटलं, दुसऱ्यानं जास्त आहे म्हटलं, तिसऱ्यानं गाडी विकून टाक म्हटलं. चिनफानं गॅस मोजला, बरोबर होता. रिले बदलला. फिल्टर काढायचा म्हणजे कप्पा उतरवावा लागे, तेव्हा त्यानं तिन्ही पुड्या दोन्ही हातांनी अदबीनं बाहेर काढल्या, स्वच्छ फडक्यावर ठेवल्या, फिल्टर बदलला आणि पुड्या होत्या तशा परत बसवल्या. शेवटी अख्खा ब्लोअर नवा घातला. दोन दिवसांनी बाओचूला बाजारात नेताना एसीनं पुन्हा मान टाकली.

"ब्लोअर नवा आहे ना?" बाओचूनं कपाळावरचा घाम टिपत विचारलं.

"हो."

"मग हा जुनाच बरा होता म्हणायचं. निदान सवयीचा होता."

चिनफानं गाडी कडेला घेतली. त्यानं वही काढली. प्रत्येक फेरीची तो नोंद ठेवायचा: तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, वेग, रस्ता आणि गाडीतली माणसं. त्या रात्री जेवताना तो वही बघत होता, आणि भाताचा घास घेऊन काड्या तोंडाशीच थांबल्या. एकटा असताना अकरा फेऱ्या, बिघाड शून्य. बाओचू सोबत असताना नऊ फेऱ्या, बिघाड नऊ.

"बाओचू," तो घसा खाकरून म्हणाला, "मला वाटतं, कारण सापडलं."

"काय आहे?"

"तू."

बाओचूनं सूपचा वाडगा खाली ठेवला. चौतीस वर्षांच्या संसारात घरातल्या पुष्कळ गोष्टींचं खापर तिच्या डोक्यावर फुटलं होतं, पण एसीचं हे पहिलंच. "म्हाताऱ्या, मी काय करते एसीला? नजर लावते?"

"नजरबिजर काही नाही. हे शास्त्र आहे. तुझं वजन पडलं की सीटखालची कुठलीतरी तार दाबली जात असणार. किती आहे तुझं वजन?"

"चोपन्न."

चिनफानं तिच्याकडे नुसतं बघितलं.

"अठ्ठावन्न. आणि लिहू नकोस ते वहीत!"

त्यानं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तांदळाची दोन पोती आणून पुढच्या सीटवर बसवली, वर दोन किलोचं पुडकं ठेवून बरोबर अठ्ठावन्न किलो केलं, आणि पट्टाही लावला. पोत्यांना घेऊन तो समुद्रापर्यंत जाऊन आला. एसी मस्त चालला. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची बाई पट्टा बांधलेल्या तांदळाकडे टकामका बघत राहिली. मग त्यानं बाओचूला मागच्या सीटवर बसवून नेलं. तरी एसी मस्त. म्हणजे वजनाचा दोष नाही, माणसाचाच दोष, आणि तोही ते माणूस पुढे बसलं तरच. असा दोष एकतीस वर्षांत त्यानं पाहिला नव्हता.

आता यातली गोम अशी, की चिनफा एकटा असला की काटकसरीनं ब्लोअर एकवर ठेवायचा. बाओचू पुढे बसली की पट्टा लावायच्या आधी ब्लोअर चारवर न्यायची आणि स्कूटरचा धूर नको म्हणून बाहेरची हवा बंद करणारं बटण दाबायची. मग गाडी आतलीच हवा ओढून पुन्हा गार करते. तांदळाला ही सवय नव्हती. पण चिनफाच्या वहीत माणसांसाठी रकाना होता, माणसाच्या सवयीसाठी नव्हता.

"म्हणजे रविवारी मी मागं बसायचं?" बाओचू म्हणाली. "आणि पुढं कोण, तांदूळ?"

"नातीसाठी एवढं कर."

नातीचं नाव आल्यावर तिनं वाद सोडला. पण रात्री दिवा मालवताना म्हणाली, "ल्यांगला दाखव एकदा. हात जोडते तुला."

चिनफाला हेच नको होतं. ल्यांगचं गॅरेज दोन चौक सोडून होतं, आणि दोन महिने चिनफा लांबच्या रस्त्यानं जाऊन ते टाळत होता. बारा वर्षांपूर्वी ल्यांग त्याच्या हाताखाली शिकत होता. एका पाळीला डबा आणायला विसरला, भूक अनावर झाली, आणि त्यानं चार नंबरच्या शीतयंत्रावरची पुडी फोडून खाल्ली. दोन तासांनी चार नंबर बंद पडलं. चिनफानं सगळी पाळी गोळा केली आणि ल्यांगला त्या यंत्रापुढे उभं करून, कमरेत वाकवून, लेखी माफी मोठ्यानं वाचायला लावली. पोरं हसली. आठवड्याभरात ल्यांगनं नोकरी सोडली. पंपाचं बेअरिंग गेलं होतं हे तीन दिवसांनी अहवालात आलं. अहवालावर सही चिनफाचीच होती. त्यानं तो अहवाल फायलीत लावला आणि फाइल कपाटात ठेवली.

शुक्रवारी तो नाइलाजानं गेला. गॅरेजमध्ये लिफ्टवर एक गाडी टांगलेली, हवेचा कॉम्प्रेसर धडधडतोय, आणि एकाही यंत्रावर पुडी नाही. चिनफानं ते सगळ्यात आधी टिपलं. 'नशिबानं चाललंय,' तो मनात म्हणाला.

"साहेब, तुम्ही?" ल्यांग हात पुसत पुढे आला. अडतिशीचा झाला होता, कानावर केस पिकले होते. "या, बसा. चहा घेणार?"

"चहा नको. एसी बघ. तसा मी सगळा तपासलाय. सहज, दुसरं मत म्हणून."

ल्यांगनं दाब मोजला, तारा पाहिल्या, मग बॅटरी दातांत धरून पुढच्या सीटखाली पाठीवर आडवा झाला आणि डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं. तिथं तो बराच वेळ निश्चल पडून राहिला.

"काय दिसतंय?" चिनफानं विचारलं.

आतून आवाज आला, "काही नाही साहेब. सगळं तुम्ही ठेवलंय तसंच आहे."

मग दोघं एक चक्कर मारून आले. ब्लोअर चिनफानं एकवर लावला होता आणि साहेबांनी लावलेल्या बटणाला हात लावायची ल्यांगची छाती झाली नाही. एसी गार. ल्यांग उतरताना चाचरत म्हणाला, "साहेब, रागावू नका, पण त्या खालच्या खणातलं सामान जरा... दुसरीकडे..."

"कुठलं सामान?"

"काही नाही," ल्यांग म्हणाला. त्यानं पैसेही घेतले नाहीत. बिघाड सापडलाच नाही तर पैसे कसले, म्हणाला.

रविवारी सकाळी दोघं निघाले. बाओचू मागच्या सीटवर, मांडीवर तिळाच्या तेलात शिजवलेल्या कोंबडीचं भांडं, आणि तोंड फुगलेलं. एसी दोन तास एकसारखा चालला. चिनफा शिट्टी वाजवत होता. ताइचुंगला विश्रामगृहाच्या फाटकात व्याह्यांची पांढरी गाडी आधीच येऊन उभी होती. आवाज नाही, धूर नाही. नुसती चकाकत होती.

"सहज आलो," श्ये डॉक्टर म्हणाले. "निरोप द्यायला. बाकी तुम्ही समर्थ आहातच."

जावयानं बाळाची खुर्ची चिनफाच्या गाडीत मागं बसवली. दोदोला पहिल्यांदाच काचेशिवाय पाहिलं तेव्हा चिनफा तिच्यावर वाकला. त्यानं एक बोट पुढे केलं आणि तिनं ते धरलं. धरून ठेवलं. यीचिंग तिच्याशेजारी बसली, उरलेल्या जागेत बाळाची बोचकी आणि कोंबडीचं भांडं गेलं, आणि बाओचूला पुढे बसण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. चिनफाच्या ते ध्यानात आलं, पण आता बोलणार काय आणि सगळ्यांसमोर बोलणार कसं? बाओचूनं सवयीनं ब्लोअर चारवर नेला, धुराचं बटण दाबलं आणि मग पट्टा लावला.

विश्रामगृहाच्या गल्लीच्या तोंडाशी लागोपाठ तीन गतिरोधक होते. तिसऱ्यावर गाडी आदळली आणि हवा बंद झाली.

सिग्नलपर्यंत पोचेतो मागून यीचिंगचा आवाज आला, "बाबा, हवा येत नाहीये." दुसऱ्या सिग्नलला दोदो रडायला लागली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, टाळूवरचे केस घामानं चिकटले होते. चिनफानं काचा खाली केल्या. बाहेरून भट्टीची झळ आली. तो गाडी वळवून फाटकाशी परत आला. श्ये डॉक्टर अजून तिथंच होते. माणूस समजूतदार, त्यांनी काही विचारलं नाही, फक्त आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं.

"बाबा, राग मानू नका," यीचिंग दोदोला उचलता उचलता म्हणाली. "आम्ही या गाडीतून येतो. तुम्ही मागून या. पोचणार तर तुमच्याच घरी आहोत ना."

"हो हो," चिनफा म्हणाला. "बाळाचं आधी."

नात दुसऱ्याच्या गाडीत जाताना तो बघत बसला. दर वेळी तो ताडकन उतरून इंजिन बंद करायचा, बॉनेट उघडायचा. आज त्याच्या अंगात ते त्राणच उरलं नाही. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसाच बसून राहिला. इंजिन चालू, ब्लोअर चारवर घोंघावतोय, हवा नाही. दोन महिने, एकवीस कलमं, एक ब्लोअर, आणि शेवटी पोर गेलीच. वाईट वाटलं म्हणून तो कुणाला सांगणार नव्हता, पण वाईट फार वाटलं.

बाओचूही तशीच बसून होती. पहाटे चारला उठून कोंबडी शिजवलेली, पोटात कण नाही, कोंबडीचं भांडं लेकीसोबत दुसऱ्या गाडीत गेलेलं, आणि शेजारी नवऱ्याचं हे तोंड. तिनं वाकून खाली हात घातला.

"काय करतेस?"

"भूक लागलीय मला. तुझी पुडी खाते."

"हात लावू नकोस! ती कामावर आहे!"

"कामावर?" बाओचू भडकली. "सदतीस अंशात मी उकडून निघाले, नात पळून गेली, आणि ही कामावर? काय काम करतेय ती, सांग मला!" तिनं पुडी ओढली. पुडी येईना. तिनं पुन्हा ओढली. "म्हाताऱ्या, हिला आतून कुणीतरी धरलंय."

"काय?"

"पलीकडून ओढतंय कुणीतरी."

चिनफाची मान गर्रकन फिरली. त्याच क्षणी बाओचूनं दोन्ही हातांनी हिसका दिला, चर्रकन आवाज होऊन पुडी सुटली, आणि डॅशबोर्डच्या चारही जाळ्यांमधून गार हवेचा लोट दोघांच्या तोंडावर आला. आरशाला बांधलेला बाओचूचा ताईत हवेनं उडायला लागला.

शेजारच्या सीटपुढच्या त्या खणाच्या मागेच गाडीच्या आतली हवा ओढून घेणारं तोंड असतं. हे चिनफाला ठाऊक होतं. पन्नास वेळा ठाऊक होतं. ब्लोअर जोरात चालला, गाडीला धक्का बसला की फुगीर, हलकी पुडी उडून त्या तोंडावर जाऊन बसायची. इंजिन बंद केलं की गळून खाली पडायची, आणि चिनफा बॉनेट उघडून जगभर शोधत हिंडायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि एक पुरली नाही म्हणून त्यानं तीन ठेवल्या होत्या.

"चालू झाला की!" बाओचू म्हणाली. मग तिनं हातातल्या पुडीकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "माझा ताईत तरी आरशाला लटकतो रे. कुणाचं नाक दाबून नाही बसत."

समोर पांढऱ्या गाडीत बाळाच्या खुर्चीचे पट्टे लावणं चाललं होतं. अजून दोन मिनिटं होती. एसी बरा झाला एवढंच जाऊन सांगावं, असं चिनफाच्या मनात आलं. पण बरा झाला हे तो गेल्या दोन महिन्यांत नऊ वेळा म्हणाला होता. लेकीचा विश्वास बसायचा तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण बाओचूच्या हातात होतं. व्याह्यांसमोर. जावयासमोर. फाटकावरचा पहारेकरीही ऐकत होता.

तो उतरला. बाओचूच्या हातातली पुडी घेऊन पांढऱ्या गाडीपाशी गेला.

"बिघाड नव्हताच," तो म्हणाला. आवाज चढला होता, कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत बोलताना चढायचा तसा. "ही मी ठेवली होती. अशा तीन. एसी नीट चालावा म्हणून. ती हवेच्या तोंडावर बसत होती. बाओचूचा दोष नव्हता, ब्लोअरचा नव्हता, कुणाचा नव्हता. माझा होता."

जावई बुटांकडे बघू लागला. मग यीचिंगला हसू फुटलं. एवढं, की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "तीन पुड्या, बाबा?"

"तीन."

ती येऊन वडिलांच्या गाडीत बसली. ब्लोअर चारवर, बटण दाबलेलं. चिनफानं खणातल्या बाकीच्या दोन्ही पुड्या काढून दाराच्या कप्प्यात ठेवल्या आणि तिन्ही गतिरोधकांवरून तिला दोनदा नेऊन आणलं. मग ती म्हणाली, "दोदोला आणा."

खुर्ची पुन्हा इकडे आली. निघता निघता श्ये डॉक्टर चिनफाच्या खिडकीपाशी आले. आता हे काय बोलणार म्हणून चिनफानं मनाची तयारी केली. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "लू व्याही, माझी पुडी मी गाडीतल्या स्क्रीनच्या मागं खोचलीय. तिथं काही अडत तर नसेल ना?"

ताइनानला पोचेपर्यंत दोदो गाढ झोपली होती. गाडी घराकडे वळायच्या ऐवजी सरळ दोन चौक पुढे गेली आणि ल्यांगच्या गॅरेजसमोर थांबली. चिनफानं इंजिन चालूच ठेवलं. उरलेल्या पुड्यांतली एक घेऊन तो उतरला, दार मात्र घाईत उघडंच राहिलं.

ल्यांग लिफ्टखालून बाहेर आला. "साहेब? पुन्हा बंद पडला?"

"नाही. गार आहे." चिनफानं पुडी पुढे केली. "ही तू पाहिली होतीस ना परवा? आत डोकं घातलंस तेव्हा?"

ल्यांगनं मान खाली घातली. "पाहिली होती."

"कारण कळलं होतं तुला?"

"शंका आली होती, साहेब."

"मग काढली का नाहीस?"

"एकदा काढली होती," ल्यांग म्हणाला.

कॉम्प्रेसर धडधडत होता. चिनफानं हात मांडीला लावले आणि कमरेत वाकला. बारा वर्षांपूर्वी ल्यांगला वाकवलं होतं तेवढाच.

"चार नंबरच्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पुडीचा काही संबंध नव्हता. मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं."

"माहीत आहे साहेब. उठा," ल्यांग म्हणाला. "सगळ्यांनाच माहीत होतं."

चिनफा सरळ झाला. त्याला पुडी फोडता येईना, बोटं घामानं घसरत होती. शेवटी त्यानं ती दातांनी फाडली आणि दोन्ही हातांनी ल्यांगपुढे धरली. ल्यांगनं एक कुरकुरा घेतला. मग चिनफानं एक घेतला. एकतीस वर्षं त्यानं हजारो पुड्या मांडल्या होत्या, पण चव त्याला आज कळली. फार गोड होती. दोघं उभ्या उभ्या खात राहिले. लिफ्टवरची गाडी होती तिथंच टांगलेली राहिली, कॉम्प्रेसरही धडधडतच राहिला.

"म्हाताऱ्या!" मागून बाओचू दबक्या आवाजात ओरडली. "दार लाव आधी, पोर झोपलीय! सगळा गारवा बाहेर चाललाय!"